चार बटणांचं रॉकेट

तोडकर सरांच्या मोटारसायकलच्या डिकीत बारा महिने एक शाल आणि एक नारळ असायचा. बाकीची माणसं डिकीत पाना ठेवतात, फडकं ठेवतात, पावसाळ्यात रेनकोट ठेवतात. सर भर पावसात भिजत शाळेत यायचे, पण शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी ठणठणीत. "कधी कुणाचा सत्कार करायची पाळी येईल, काय सांगावं मॅडम," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी त्याच दिवशी विज्ञानाची शिक्षिका म्हणून शाळेत रुजू झाले होते. ती शाल आज माझ्यासाठी निघणार, असं मला क्षणभर वाटलंही. तेवढ्यात फाटकातून संस्थेच्या खजिनदारांची गाडी आत आली आणि सर माझं वाक्य अर्ध्यात टाकून डिकीकडे पळाले.

गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं अशी आपल्याकडे पद्धत आहे. मला ती जमत नाही. तोडकर सर मला आवडत नव्हते, आणि गेले म्हणून आता आवडायला लागले असं सोंग मी आणणार नाही.

तेलगावच्या बाजूच्या आमच्या शाळेत ते उपमुख्याध्यापक होते. शिकवायचे इतिहास, म्हणजे वर्गात एखाद्या पोराला धडा वाचायला लावून स्वतः खिडकीतून फाटकाकडे बघत बसायचे. कोण आलं, कुठल्या गाडीतून आलं, पुढे बसून आलं की मागे, यावर त्यांचा खरा अभ्यास होता. स्टेजवरच्या खुर्च्या मांडाव्यात तर त्यांनीच. अध्यक्षांची खुर्ची मधोमध, तिला पाठ उंच. उपाध्यक्ष उजवीकडे, सचिव डावीकडे, खजिनदार सचिवांच्या पलीकडे पण किंचित पुढे, कारण त्यांना कमी ऐकू येतं असं कारण सांगता यायचं. हे सगळं मांडून झालं की सर दोन पावलं मागे सरकून बघायचे आणि म्हणायचे, "कुणी नाराज व्हायला नको."

हे त्यांचं आयुष्याचं वाक्य. फक्त त्यातलं 'कुणी' फार थोड्या माणसांपुरतं होतं. एकदा पाहुणे यायला उशीर झाला म्हणून पोरं दुपारभर उन्हात बसवली होती. सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. सरांनी शिपाई रशीदभाईंना हाक मारली आणि त्या पोरीला पुढच्या रांगेतून उचलून मागे न्यायला सांगितलं, कारण फोटोवाला यायची वेळ झाली होती. मी पाणी घेऊन धावले तर मलाच म्हणाले, "मॅडम, जरा आडोशाला घ्या तिला." ती मुलगी नाराज झाली असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नसणार.

या सगळ्या लाचारीमागे एक खुर्ची होती. आमचे मुख्याध्यापक निवृत्तीला आले होते आणि सरांची स्वतःची नोकरीही संपत आली होती. शेवटची दोन-तीन वर्षं का होईना, मुख्याध्यापक म्हणून काढायची, एवढं एकच स्वप्न त्यांनी नोकरीभर पाहिलं. नेमणूक अध्यक्षांच्या हातात. अध्यक्षांना सगळा तालुका दादासाहेब म्हणायचा. मुख्याध्यापक रजेवर असले की सर त्यांच्या खोलीत जाऊन खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल सरळ करायचे. त्या खुर्चीसाठी त्यांनी परळीच्या बाजारातून आपला एक टॉवेल आधीच आणून ठेवलाय, असं रशीदभाई सांगायचे. मी हसले होते. पुढे तो टॉवेल मी डोळ्यांनी पाहिला.

रॉकेटचा विषय निघाला तो दादासाहेबांच्या वाढदिवसावरून. माजलगावकडच्या कुठल्याशा शाळेने आपल्या अध्यक्षाच्या वाढदिवसाला पुठ्ठ्याचं रॉकेट उडवल्याचा व्हिडिओ सरांच्या मोबाईलवर आला होता. त्यांनी तो मला स्टाफरूममध्ये चार वेळा दाखवला. मग म्हणाले, "त्यांचं एका मोटरचं हाय. आपलं चार मोटरचं पाहिजे." रॉकेट कशाने उडतं याची त्यांना काडीची माहिती नव्हती, पण चार हा आकडा एकापेक्षा मोठा असतो हे ते नेमकं जाणून होते.

किट मागवलं गेलं आणि जोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मला त्याचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत त्या शाळेत मला कुणी पहिल्यांदाच माझ्या विषयाचं काम दिलं होतं. कमरेएवढी पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे चार पंख, प्लॅस्टिकचं टोक, टोकाखाली घडी करून ठेवायची छत्री आणि बुडाशी एकमेकांना चिकटून चार मोटरी. मोटर म्हणजे विहिरीवरची नव्हे. बोटभर लांबीची पुठ्ठ्याची नळकांडी, आत ठासून भरलेलं इंधन, आणि ते जळून संपलं की टोक उडवून छत्री बाहेर काढणारी चिमूटभर दारू. प्रत्येकीच्या तोंडात एक बारीक तार घालायची, वीज सोडली की तार लाल होते आणि मोटर पेटते. अवघड असतं ते एवढंच, की चारही एकाच क्षणी पेटल्या पाहिजेत. एखादी मागे राहिली तर रॉकेट तिच्या बाजूला कलतं. म्हणून चारही तारा एकाच बटणाला जोडतात आणि बॅटरी दणकट घेतात. मी प्रयोगशाळेत दुपारच्या सुट्टीत बसून पंख चिकटवले, ते काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासलं, मोटरींमधल्या फटी लगद्याने बुजवल्या. हात चिकट होऊन जायचे, पण घरी जाताना बरं वाटायचं.

सर रोज डोकवायचे. मदत करायला नव्हे. चार पंख पाहून त्यांना वेगळंच सुचलं होतं. एकेका पंखावर एकेका पदाधिकाऱ्याचा फोटो लावायचा, दादासाहेबांचा मोठा, बाकीच्यांचे उतरत्या मापाचे. मी म्हटलं, पंखांचं वजन सारखं नसेल तर रॉकेट सरळ जाणार नाही, लावायचेच असतील तर चारही फोटो एका मापाचे लावा. दादासाहेब आणि खजिनदार एका मापाचे, ही कल्पनाच त्यांना सोसेना. दोन दिवस ते चेहरा पाडून हिंडत होते. शेवटी पंख कोरे ठेवून नळीवर उभं दादासाहेबांचं नाव लिहायचं ठरलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही चाचणी घेतली, ती सरांच्याच रानात. ऊस कारखान्याला गेलेला होता, रान मोकळं होतं. खाली सगळं वाळलेलं पाचट, ठिणगी पडली तर भडका उडाला असता, म्हणून रशीदभाईंनी आणि मी मधला तुकडा झाडून घेतला, पाणी मारलं. लोखंडी सळई रोवली, तिच्यावर रॉकेट चढवलं, ट्रॅक्टरची बॅटरी लावली. एक बटण होतं, ते माझ्या हातात. सर बांधावर उभे होते आणि उद्या निवेदनात कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं ते पुटपुटत होते.

मी बटण दाबलं. फस्स असा एकच आवाज झाला, चारही मोटरी एकदम धरल्या आणि ते पांढरं रॉकेट सळईवरून निसटून सरळ वर गेलं. इतकं सरळ की मलाच विश्वास बसेना. वर जाऊन ते ठिपक्याएवढं झालं, थांबलं, टोक सुटलं आणि लाल छत्री उघडली. वारा तिला बांधाच्या पलीकडे न्यायला लागला.

आणि तोडकर सर पळाले. धोतर-टोपीचा नव्हे, इस्त्रीच्या पँटशर्टचा माणूस, पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, तो दोन्ही हात वर करून त्या छत्रीमागे पाचटातून धावत होता आणि ओरडत होता, "चारीच्या चारी लागल्या बे रशीद, चारीच्या चारी." त्यांची एक चप्पल कुठेतरी पाचटात राहिली. छत्री त्यांनी खाली पडू दिली नाही, वरच्या वर झेलली. परत आले तेव्हा धापा टाकत हसत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण पाहुण्यांसमोर वरच्या दातांपुरतं असणारं त्यांचं हसू आतपर्यंतही जातं हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्या वेळापुरता तो माणूस मला चांगला वाटला. तो वेळ फार टिकला नाही.

रॉकेट काखेत धरून ते म्हणाले, "मॅडम, ह्याला बटण एकच कावून? मोटरी चार, मान्यवर चार. उद्या दादासाहेबांनी एकट्यानं दाबलं तर बाकीचे तिघं काय टाळ्या वाजवत बसतील का?" मी समजावून सांगितलं. वेगवेगळी बटणं दिली तर चौघांकडून एकाच क्षणी दाबली जाणार नाहीत, एक मोटर आधी पेटेल, रॉकेट सळईवरून सुटेल, बाकीच्या तारा निघून पडतील आणि ते आडवं होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, म्हणाले, "बरं बरं, तुमी म्हणता तसं." ज्याचं ऐकायचं नसतं त्याला ते नेहमी हेच म्हणत, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव उभा राहिला. स्टेजच्या मागे फ्लेक्स, त्यावर दादासाहेब इतके मोठे की त्यांचं नाक खिडकीएवढं झालेलं. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता तुंबला म्हणून पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले. चौघांना फेटे बांधले गेले. रॉकेट मैदानाच्या मधोमध उभं होतं, नवीन मोटरी मी सकाळीच घातल्या होत्या. आणि स्टेजवर मखमली कापडाखाली झाकलेला एक पाट होता. सरांनी कापड काढलं. पाटावर घराच्या दारावर असतात तसली घंटीची चार बटणं बसवलेली होती, प्रत्येकासमोर झेंडूचं फूल. मांडववाल्याच्या इलेक्ट्रिशियनला गाठून त्यांनी माझ्या मागे हे करून घेतलं होतं. दादासाहेबांचं बटण मोठं होतं, हे सांगायला नकोच.

मी स्टेजजवळ जाऊन त्यांना हळूच म्हटलं, "सर, हे आडवं जाईल. पोरं समोर बसलीयत."

"मी एक-दोन-तीन म्हणतो की. तीनला चौघंबी दाबतील. तुमी काळजीच करू नका," असं म्हणून ते माईककडे वळलेसुद्धा. मी आणि रशीदभाईंनी पुढच्या पोरांना उठवून बाजूला भिंतीशी नेलं. सरांनी स्टेजवरून डोळे वटारले, कारण पुढची जागा फोटोत रिकामी दिसणार होती.

आता यात चूक कुणाची, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. आपल्याकडे समई लावतात तेव्हा काय होतं ते आठवा. पहिली वात अध्यक्ष लावतात. बाकीचे हात जोडून थांबतात. मग मेणबत्ती पुढच्याच्या हाती जाते, तो आधी 'तुम्ही घ्या' म्हणतो, त्याला आग्रह होतो, मग तो लावतो. वर्षानुवर्षं त्या चौघांनी हेच केलेलं. दादासाहेबांच्या बरोबरीने हात घालायचा, हे उपाध्यक्षांच्या अंगातच नव्हतं. आणि दादासाहेबांना कुणाच्या तीनची वाट बघायची सवय नव्हती. सरांनी चौघांची नावं विशेषणांसकट घेतली, "एक" म्हणाले, आणि दादासाहेबांनी बटण दाबलं. उपाध्यक्षांनी त्यांना नमस्कार केला. सचिवांनी उपाध्यक्षांना हाताने 'आधी तुम्ही' असं खुणावलं. खजिनदारांना ऐकू आलं नव्हतं.

एका मोटरीवर ते रॉकेट कण्हत कण्हत सळई चढलं. टोकाला पोचेपर्यंत बाकीच्या तीन तारा खाली लोंबायला लागल्या होत्या. मग ते तिरकं झालं, डोक्याएवढ्या उंचीवरून मांडवात शिरलं, चौघांचे फेटे खाली वाकले आणि रॉकेट जाऊन फ्लेक्सवरच्या दादासाहेबांच्या तोंडात घुसलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. संपलं असं वाटेपर्यंत आतून ठप्प आवाज झाला, टोक उडालं आणि फाटलेल्या तोंडातून लाल छत्री बाहेर येऊन लोंबायला लागली. भिंतीशी उभी असलेली पोरं हसली. मीही हसले. हसू आवरण्याचं मला काही कारण नव्हतं.

दादासाहेबांनी फक्त विचारलं, "कुणाचं चुकलं?"

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दादासाहेबांनी घाई केली असं म्हणता येत नव्हतं. उपाध्यक्ष थांबले, सचिव थांबले, खजिनदार बहिरे आहेत, यातलं काहीच म्हणता येत नव्हतं. आणि स्वतःचं नाव घेतलं तर खुर्ची गेली. त्यांची नजर स्टेजवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. "मॅडमच्या वायरिंगमध्ये जरा गडबड झाली, दादासाहेब," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे, माईक चालू असताना, सांगितलं की काल एका बटणावर हेच रॉकेट सरळ गेलं होतं आणि ते सरांनी पाहिलंय. दादासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "काल मी रानात गेलोच नव्हतो."

त्या एका वाक्याने माझ्या मनातून ते उतरले ते कायमचे. वायरिंगचं खोटं मला समजू शकलं असतं, पोटासाठी माणसं बोलतात तसं. पण एका चपलेवर धावत जाऊन त्यांनी जे झेललं होतं, तेच त्यांनी चारचौघांत नाकारलं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

खुर्ची त्यांना मिळाली नाहीच. मुख्याध्यापक झाले खजिनदारांचे जावई. सरांनी नव्या मुख्याध्यापकांच्या सत्काराला डिकीतली शाल काढली आणि तो परळीचा टॉवेलही स्वतःच्या हाताने खुर्चीवर टाकला; निळ्या काठाचा, अजून घडी न मोडलेला. मला त्यांची कीव आली नाही, किळस आली. पुढे ते उपमुख्याध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत खाली कोपऱ्यात त्यांचा बारका फोटो दरवर्षी असायचाच.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अंत्यविधी त्यांच्याच रानात होता, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या त्याच तुकड्यात. मी गेले ती काकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. सरण रचून तयार होतं. सरांच्या अंगावर डिकीतली शाल घातलेली होती. ज्यांनी उभ्या जन्मात इतक्यांना शाली दिल्या, त्यांच्या अंगावर शाल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माईक आणलेला होता. आणि सगळे दादासाहेबांसाठी खोळंबले होते. मुख्याध्यापक फोनवर होते. साहेब निघालेत. साहेब फाट्यावर आलेत. फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्यात. ऊन चढत होतं, बाया पदराने तोंडं पुसत होत्या, आणि सर तिथे पडून होते, साहेबांची वाट बघत.

काकूंनी मला जवळ बोलावलं. त्यांचे डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? ते रॉकेट खरंच उडालतं का वो? हे एकदा एका चपलीवर घरी आलते. मला म्हणले, सरळ आभाळात गेलं, मी झेललं. दुसऱ्या दिवशी म्हणले, कुणाला सांगू नको. दवाखान्यात नेताना बी तेच सांगत होते. मला वाटलं, भरमलेत."

त्या माणसाच्या बाजूने मी कधी साक्ष देईन, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, "उडालं होतं काकू. इथूनच. चारीच्या चारी लागल्या होत्या, आणि सरांनी झेललं, खाली पडू दिलं नाही."

काकू पदर खोचून उठल्या आणि सरणाजवळ उभ्या असलेल्या मुलाला म्हणाल्या, "लाव."

मुख्याध्यापक फोन कानाला तसाच धरून पुढे आले. "काकू, पाच मिनिटं थांबा. साहेब नाराज होतील."

"होऊ द्या," काकू म्हणाल्या.

मुलाने पलिता टेकवला, भावकीतल्या तिघांनी बाकीचे कोपरे धरले. कुणी कुणाला 'आधी तुम्ही' म्हटलं नाही. सरण चारी बाजूंनी एकदम पेटलं. जाळ छातीएवढा झाला तेव्हा बांधावर गाड्या येऊन थांबल्या. दादासाहेब हार घेऊन उतरले आणि तो कुठे घालायचा ते न कळून हातात धरून उभे राहिले.

तोडकर सर त्यांच्यासाठी थांबले नव्हते. साऱ्या आयुष्यात त्यांच्याकडून दादासाहेबांचा झालेला हा एकच अपमान, आणि त्यासाठी मी सरांना हात जोडले.